जोडणी तुटली तर : पेढीवरील इंटरनेटचा बिघाड शोधण्याची रीत

‘नेट गेले’ हे दोन शब्द आज दुकानात, पेढीवर आणि घरातही वारंवार कानी पडतात. पूर्वी वीज गेली तर कंदील लावून व्यवहार पुढे चालत असे. वही, लेखणी आणि गल्ला यांना विजेची गरज नव्हती. आता स्थिती पालटली आहे. ज्या पेढीची वार्षिक उलाढाल ५ कोटी रुपयांच्या वर आहे तिला १ ऑगस्ट २०२३ पासून व्यापाऱ्यांना दिलेल्या बिलासाठी ई-इन्व्हॉइस करणे बंधनकारक आहे. ठरावीक मूल्याच्या वरील मालाचा ट्रक ई-वे बिलाशिवाय निघू शकत नाही. ग्राहक खिशात रोकड ठेवीनासा झाला आहे. जीएसटीचे मासिक ३बी विवरणपत्र २० तारखेच्या आत भरले नाही, तर दररोज ५० रुपये विलंब शुल्क आणि थकलेल्या करावर वार्षिक १८ टक्के व्याज सुरू होते. त्यामुळे जोडणी तुटणे ही आता केवळ गैरसोय राहिलेली नाही. तो प्रत्यक्ष खर्च आहे.

तरीही या बिघाडाकडे पाहण्याची पद्धत बहुतेक ठिकाणी जुनीच आहे. कोणी राउटर बंद-चालू करतो, कोणी सगळ्या वायरी ओढून पुन्हा खोचतो, कोणी कंपनीला दूरध्वनी करून ‘तुमचे नेट कधीच चालत नाही’ असे सुनावतो. कधी त्यातून काम भागते, बहुधा भागत नाही. मग तंत्रज्ञाची वाट पाहण्यात अर्धा दिवस जातो आणि तो आल्यावर एखादी सैल वायर घट्ट करून निघून जातो. ‘नेट गेले’ या एकाच वाक्याखाली किमान दहा निरनिराळे बिघाड लपलेले असतात. कोणता बिघाड आहे हे ओळखण्यासाठी अभियंता असावे लागत नाही. क्रमाने विचार करण्याची सवय पुरेशी असते. ही सवय व्यापारी घराण्यांना नवीन नाही.

तेरीज न जुळण्याचे शास्त्र

वर्षअखेरीस तेरीजपत्रक जुळले नाही, तर जाणता मुनीम सगळ्या वह्या नव्याने लिहायला बसत नाही. तो आधी फरकाची रक्कम पाहतो. फरकाला ९ ने भाग जात असेल, तर कोठेतरी आकड्यांची अदलाबदल झाली असावी, ५४ चे ४५ झाले असावेत, अशी शंका तो घेतो. फरक सम असेल, तर त्याची निम्मी रक्कम चुकीच्या बाजूला लिहिली गेली आहे काय हे पाहतो. त्यानंतर सहा महिन्यांची बेरीज जुळते का ते तपासून चूक पहिल्या सहामाहीत की दुसऱ्या, हे ठरवतो. प्रत्येक पावलाला शोधाचे क्षेत्र निम्मे होते.

जोडणीचा बिघाड शोधण्याची रीत याहून वेगळी नाही. तीन नियम पाळले की पुरे. पहिला, आपल्या जवळच्या टोकापासून सुरुवात करून बाहेर जावे. दुसरा, एका वेळी एकच गोष्ट बदलावी. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि काम सुरू झाले, तर दोष कोणता होता हे कळत नाही आणि पुढच्या वेळी पुन्हा तेथूनच आरंभ करावा लागतो. तिसरा, जे पाहिले आणि जे केले ते लिहून ठेवावे.

संदेशाचा प्रवास

दुकानातील संगणकावरून जीएसटीचे संकेतस्थळ उघडण्याची आज्ञा दिली, की ती अनेक टप्पे पार करीत जाते. प्रथम संगणक, मग केबल किंवा वाय-फाय, मग राउटर, त्यापुढे फायबर ज्या पेटीत येते ती ओएनटी नावाची पेटी (अनेक ठिकाणी राउटर आणि ओएनटी एकाच पेटीत असतात), मग रस्त्यावरून जाणारी फायबर, कंपनीचे केंद्र आणि शेवटी ज्या संस्थेचे संकेतस्थळ आहे तिचा सर्व्हर. उत्तर याच मार्गाने परत येते. यातील एकही कडी निखळली तरी पडद्यावर दिसणारा परिणाम जवळपास सारखाच असतो.

जोडणी तुटण्याचा हा इतिहास जाळ्याइतकाच जुना आहे. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील संगणकावरून स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटच्या संगणकाकडे पहिला संदेश पाठवला जात होता. ‘लॉगिन’ हा शब्द पाठवायचा होता. पहिली दोन अक्षरे पोहोचली आणि पलीकडची यंत्रणा कोसळली. सुमारे तासाभराने दोष दूर करून पूर्ण शब्द पाठवण्यात आला. भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हाही दूरध्वनीच्या तारेवरून जोडणी लागेपर्यंत पुन्हा पुन्हा प्रयत्न करावे लागत. साधने बदलली, वेग हजारो पटींनी वाढला. तुटलेली कडी शोधण्याचे काम मात्र टळलेले नाही.

आधी तीन प्रश्न

वायरीला हात लावण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. त्यांच्या उत्तरांतच निम्मा शोध संपतो.

पहिला प्रश्न : जोडणी सर्वांची गेली की एकाचीच? दुकानातील बाकीचे संगणक आणि त्याच वाय-फायवरील मोबाइल चालत असतील, तर दोष त्या एका यंत्रात किंवा त्याच्या केबलमध्ये आहे. राउटरला हात लावण्याचे कारण नाही. येथे एक सावधगिरी हवी : मोबाइलमधील मोबाइल डेटा बंद करून मगच ही परीक्षा घ्यावी, अन्यथा मोबाइल स्वतःच्या सिमवर चालत असतो आणि वाय-फाय ठीक असल्याचा भास होतो.

दुसरा प्रश्न : सर्वच संकेतस्थळे बंद आहेत की एकच? बातम्यांचे संकेतस्थळ उघडते आणि केवळ कराचे पोर्टल उघडत नाही, तर दोष दुकानात नाही. अंतिम तारखेच्या दिवशी पोर्टलवर गर्दी झाली असता असे होते. अशा वेळी राउटर दहा वेळा बंद-चालू केल्याने काहीही साधत नाही.

तिसरा प्रश्न : शेवटचे नीट चालले त्यानंतर काय बदलले? रंगकाम झाले, टेबल हलवले, नवा कॅमेरा बसवला, विजेचा भार बदलला, मासिक शुल्क भरायचे राहिले, यांपैकी काहीतरी बहुधा आढळतेच. शुल्क न भरल्यामुळे बंद झालेली जोडणी ‘बिघाड’ म्हणून नोंदवली जाण्याचे प्रसंग थोडे नाहीत.

याच ठिकाणी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. गल्ल्यावर ठेवलेला ‘पैसे मिळाले’ असे बोलून सांगणारा साउंडबॉक्स आणि कार्ड स्वाइप करण्याचे यंत्र यांत बहुधा स्वतंत्र सिम असते. दुकानाचे वाय-फाय उत्तम चालू असतानाही साउंडबॉक्स मुका होऊ शकतो आणि वाय-फाय बंद असताना तो बोलत राहू शकतो. त्याच्यासाठी राउटर बंद करणे म्हणजे एका खात्याची चूक दुसऱ्या खात्यात शोधणे होय.

दिव्यांची भाषा

ओएनटीवरील छोटे दिवे हे त्या यंत्राचे बोलणे आहे. ‘पॉवर’चा दिवा नसेल तर अडॅप्टर, पिन किंवा सॉकेट पाहावे. ‘पॉन’ लिहिलेला दिवा स्थिर हिरवा असला की फायबर कंपनीच्या केंद्राशी जोडलेली आहे असे समजावे. ‘एलओएस’ लिहिलेला दिवा लाल पेटला किंवा लुकलुकू लागला, तर फायबरमधून प्रकाश येत नाही. फायबर तुटली, दुमडली किंवा खोबणीतून सुटली आहे. हा दोष दुकानदाराच्या हातचा नाही. तक्रार नोंदवताना ‘नेट चालत नाही’ असे न म्हणता ‘एलओएसचा दिवा लाल आहे’ असे सांगितले, तर प्राथमिक प्रश्नोत्तरांत जाणारा वेळ वाचतो आणि फायबर जोडण्याचे साहित्य घेऊनच माणूस येण्याची शक्यता वाढते.

फायबरची पातळ पिवळी किंवा काळी तार ही काचेच्या तंतूची असते. ती खिळ्याभोवती आवळून गुंडाळू नये, कपाटाखाली दाबू नये. सुटलेल्या फायबरच्या टोकात डोळा लावून कधीही पाहू नये. त्यातील प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण अपाय करू शकतो.

तांब्याच्या नेटवर्क केबलचेही स्वतःचे विकार आहेत. तिच्यात आठ बारीक तारांच्या चार जोड्या असतात. गोदामात उंदीर ती कुरतडतात, खुर्चीचे चाक तिच्यावरून फिरते, टोकाच्या प्लास्टिकच्या जॅकची पाकळी तुटते आणि जॅक सैल बसतो. एका टप्प्यात ही केबल १०० मीटरपेक्षा लांब टाकू नये, असा मानक नियम आहे. दुकानातून मागच्या गल्लीतील गोदामापर्यंत एकच लांब केबल ओढून ‘कधी चालते, कधी चालत नाही’ अशी तक्रार करणाऱ्यांनी आधी तिची लांबी मोजावी. केबल दोषी आहे का हे ठरवण्याचा सोपा मार्ग म्हणजे चांगली चालणारी दुसरी केबल त्या जागी लावून पाहणे. अशी एक सुटी केबल प्रत्येक पेढीच्या कपाटात असावी.

बंद-चालू करण्याची योग्य रीत

यंत्र बंद करून चालू करणे हा उपाय हास्यास्पद नाही. अनेकदा तो लागू पडतो, कारण राउटरही एक छोटा संगणकच असतो आणि सतत चालून त्याची स्मृती गोंधळू शकते. मात्र त्याला क्रम आहे. दोन्ही पेट्यांची वीज बंद करावी आणि अर्धा मिनिट थांबावे. आधी ओएनटी चालू करून तिचे दिवे स्थिर होऊ द्यावेत. मग राउटर चालू करावा, दोन-तीन मिनिटे थांबावे आणि शेवटी संगणक पुन्हा सुरू करावा.

राउटरच्या मागे सुईने दाबण्याचे एक बारीक छिद्र असते, त्यापासून मात्र दूर राहावे. वीज बंद-चालू करणे वेगळे आणि ते छिद्र काही सेकंद दाबून धरणे वेगळे. त्यामुळे राउटरमधील सर्व मांडणी पुसली जाते : वाय-फायचे नाव, संकेतशब्द आणि अनेक ठिकाणी कंपनीने दिलेले जोडणीचे यूजरनेम व पासवर्डही. घाईत तो उपाय केला की पाच मिनिटांचा बिघाड दोन दिवसांचा होतो.

वाय-फाय दिसते, पण इंटरनेट नाही

‘वाय-फाय जोडलेले आहे, पण नेट नाही’ ही तक्रार ऐकून अनेकांना नवल वाटते. त्यात नवल नाही. वाय-फाय हा केवळ संगणकापासून राउटरपर्यंतचा रस्ता आहे. राउटरच्या पुढचा रस्ता खचला असेल, तर येथपर्यंतची वाट चांगली असूनही प्रवास होणार नाही.

उलट, वाय-फायच दुर्बळ असेल तर जागेचा विचार करावा. बहुतेक राउटर दोन पट्ट्यांवर चालतात. २.४ गिगाहर्ट्‌झची पट्टी दूर पोहोचते, भिंती त्यातल्या त्यात सहन करते, पण तिचा वेग कमी असतो आणि शेजारच्या दहा दुकानांची वाय-फायही तिच्यावरच असल्याने गर्दी होते. ५ गिगाहर्ट्‌झची पट्टी वेगवान, पण भिंतीपलीकडे लवकर क्षीण होते. लोखंडी रॅक, मोठे आरसे, सराफी दुकानातील तिजोरी, तळघरातील काँक्रीट हे सर्व तिचे अडथळे आहेत. राउटर शटरच्या कोपऱ्यात, मीटरबोर्डाशेजारी, जमिनीवर ठेवण्याची प्रथा सोडून तो उंच आणि मध्यभागी ठेवला, तर नवे यंत्र न घेताही फरक पडतो. ज्या संगणकावर बिले निघतात तो शक्यतो केबलनेच जोडावा.

पत्त्यांचा घोळ

जाळ्यातील प्रत्येक यंत्राला एक अंकी पत्ता लागतो. त्याला आयपी ॲड्रेस म्हणतात. जुन्या पद्धतीत असे पत्ते सुमारे ४२९ कोटीच होऊ शकतात आणि त्यांचा जागतिक मध्यवर्ती साठा ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटून संपला. म्हणून घराघरांत, दुकानांत १९२.१६८ ने सुरू होणारे खासगी पत्ते वापरले जातात. हे पत्ते वाटण्याचे काम राउटर करतो.

आपल्या संगणकाचा पत्ता पाहणे सोपे आहे. विंडोजमध्ये ‘कमांड प्रॉम्प्ट’ उघडून ‘आयपीकॉन्फिग’ हा शब्द इंग्रजी अक्षरांत टंकावा. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरकडून पत्ता मिळालाच नाही आणि संगणकाने स्वतःच एक तात्पुरता पत्ता घेतला आहे असा अर्थ होतो. म्हणजे दोष संगणक आणि राउटर यांच्या दरम्यान आहे. ‘आयपी कॉन्फ्लिक्ट’ असा संदेश आला, तर एकच पत्ता दोन यंत्रांकडे गेला आहे. बहुधा कोणीतरी प्रिंटरला हाताने दिलेला पत्ता राउटरने दुसऱ्या यंत्रालाही दिलेला असतो.

पत्त्यांच्या घोळातून किती मनस्ताप होऊ शकतो हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, मार्केट यार्डात धान्याची घाऊक पेढी आहे. समोर बिले करणारे दोन संगणक, आत हिशेबाचा मुख्य संगणक आणि एक प्रिंटर. सोमवारी सकाळी समोरच्या एका संगणकावर हिशेबाचे सॉफ्टवेअर उघडत नाही, प्रिंटर दिसत नाही, इंटरनेटही नाही. शेजारचा संगणक व्यवस्थित चालतो. दुपारी परिस्थिती उलटते : बंद पडलेला चालू होतो आणि चालणारा बंद पडतो. बाहेर गाड्या खोळंबल्या आहेत. शनिवारी रात्री उशिरापर्यंत दिवाणजी संगणकावर बसलेला होता, एवढे कोणाला तरी आठवते आणि ‘यानेच काहीतरी केले’ असा शेरा त्याच्या तोंडावर मारला जातो. वीस वर्षे त्या पेढीवर काम करणारा माणूस खाली मान घालून उभा राहतो.

आता तीन प्रश्न क्रमाने विचारावेत. एकाचीच जोडणी गेली आहे. पण ती एकाकडून दुसऱ्याकडे फिरते आहे, म्हणजे दोष संगणकात नाही. दोन्ही संगणकांचे पत्ते पाहिले, तर चालणाऱ्याचा १९२.१६८.१.१२ आणि न चालणाऱ्याचा १९२.१६८.०.१०३ असा निघतो. तिसरा अंक वेगळा, म्हणजे दोघांना पत्ते देणारे वेगवेगळे आहेत. तिसरा प्रश्न : काय बदलले? तेव्हा उघड होते की रविवारी पेढी बंद असताना पुतण्याने घरचा जुना राउटर आणून गोदामात लावला होता, कारण तेथे मोबाइलवर कॅमेरा पाहायचा होता. आता एकाच जाळ्यात पत्ते वाटणारे दोघे झाले. ज्याचे उत्तर आधी पोहोचेल त्याचा पत्ता संगणक घेतो. जुन्या राउटरकडे बाहेर जाण्याचा रस्ताच नसल्याने त्याच्याकडून पत्ता घेणारे यंत्र अडकून पडते. जुन्या राउटरची केबल काढून संगणक पुन्हा सुरू केले की सर्व सुरळीत होते. तो राउटर गोदामात हवाच असेल, तर त्यातील पत्ते वाटण्याची सोय बंद करून त्याला केवळ ‘ॲक्सेस पॉइंट’ म्हणून लावावे.

पुतण्याचा हेतू चांगला होता, दिवाणजीचा तर काहीच संबंध नव्हता. गल्ल्यात शंभर रुपये कमी आले तर नोकराकडे बोट दाखवण्यापूर्वी भला मालक स्वतः बेरीज तपासतो. यंत्राच्या बाबतीतही तोच न्याय लावला पाहिजे. यंत्र दुरुस्त होते. अकारण दुखावलेल्या माणसाचा विश्वास तितक्या सहज दुरुस्त होत नाही.

नाव ठाऊक, गाळा क्रमांक हरवला

मार्केट यार्डात पेढी नावाने ओळखली जाते, पण नव्या हमालाला माल पोहोचवायचा तर गाळा क्रमांक लागतो. इंटरनेटवरही तसेच आहे. माणूस संकेतस्थळाचे नाव लिहितो. संगणकाला अंकी पत्ता लागतो. नावावरून पत्ता सांगणाऱ्या व्यवस्थेला डीएनएस म्हणतात. ती १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी आखली.

ही व्यवस्था बिघडली, की जोडणी चालू असूनही काहीच उघडत नाही. परीक्षा सोपी आहे. कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पिंग’ हा शब्द आणि पुढे ८.८.८.८ हा गुगलच्या सार्वजनिक डीएनएस सर्व्हरचा पत्ता इंग्रजी अंकांत टंकावा. उत्तर येत असेल, पण संकेतस्थळे नावाने उघडत नसतील, तर संशय डीएनएसवर घ्यावा. अशा वेळी राउटरच्या किंवा संगणकाच्या मांडणीत ८.८.८.८ किंवा क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ हा पत्ता डीएनएस म्हणून दिला, की बहुधा काम होते.

संदेश वाचण्याची सवय

पडद्यावर इंग्रजी संदेश आला, की तो न वाचताच बंद करण्याची घाई होते. वास्तविक दोष कोठे आहे हे तो संदेशच सांगत असतो.

‘४०४’ : सर्व्हरपर्यंत पोहोचलो, पण मागितलेले पान तेथे नाही. पत्ता चुकीचा लिहिला असावा.

‘५००’, ‘५०२’, ‘५०३’, ‘५०४’ : दोष पलीकडच्या सर्व्हरकडे आहे. थोड्या वेळाने प्रयत्न करावा.

‘टाइम्ड आउट’ : ठरलेल्या वेळेत उत्तर आले नाही. जोडणी मंद आहे किंवा पलीकडे गर्दी आहे.

‘डीएनएस’ हा शब्द असलेला संदेश : नावाचा पत्ता सापडत नाही. नाव नीट लिहिले आहे का ते आधी पाहावे.

‘युवर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट’ : संकेतस्थळाच्या ओळखपत्राविषयी शंका आहे. सर्वप्रथम संगणकाच्या कोपऱ्यातील दिनांक पाहावा. जुन्या संगणकातील नाण्याच्या आकाराची बॅटरी संपली, की तारीख अनेक वर्षे मागे जाते आणि खरी संकेतस्थळेही खोटी ठरतात. तारीख दुरुस्त करताच अडचण मिटते. तारीख बरोबर असूनही बँकेच्या संकेतस्थळावर हा संदेश आला, तर पुढे जाऊ नये, पासवर्ड लिहू नये.

मध्येच अडकलेले पैसे

जोडणी तुटण्याचा सर्वांत कटकटीचा क्षण म्हणजे ग्राहकाच्या खात्यातून रक्कम वजा झाली, पण दुकानदाराकडे खात्री आली नाही. ग्राहक मोबाइल दाखवतो, दुकानदार नाकारतो आणि शब्दाला शब्द वाढतो. येथे नियम दोघांच्याही बाजूने आहे. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार यूपीआयने किंवा कार्डाने दुकानात केलेला असा अपुरा व्यवहार व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांच्या आत आपोआप उलटवून रक्कम ग्राहकाला परत द्यावी लागते. त्यापुढे उशीर झाल्यास बँकेने ग्राहकाला दररोज १०० रुपये भरपाई द्यावयाची असते.

म्हणून दुकानदाराने ग्राहकाच्या मोबाइलवरील चित्रावर विसंबू नये. तशी खोटी चित्रे दाखवून माल नेणारेही असतात. आपल्या खात्यात किंवा ॲपमध्ये नोंद पाहावी. नोंद नसेल, तर व्यवहाराचा संदर्भ क्रमांक लिहून घ्यावा आणि वरील नियम ग्राहकाला शांतपणे समजावून सांगावा. ओळखीच्या ग्राहकाचा माल उधारीवर लिहिता येतो. वादावादीत गेलेले गिऱ्हाईक पुन्हा येत नाही.

मदत मागताना सावध

घाबरलेला माणूस फसवणाऱ्याला आयता सापडतो. जोडणी बंद पडली, की मोबाइलवर कंपनीचा मदत क्रमांक शोधला जातो आणि शोधात वर आलेला क्रमांक भामट्याचा असू शकतो. तो गोड बोलतो, ‘दुरूनच दुरुस्त करून देतो’ म्हणतो आणि पडदा पाहण्याचे ॲप घ्यायला लावतो. मग बँकेचा व्यवहार त्याच्या डोळ्यांसमोर होतो. मदत क्रमांक नेहमी बिलावरून, राउटरवरील चिठ्ठीवरून किंवा कंपनीच्या अधिकृत ॲपमधूनच घ्यावा. इंटरनेट दुरुस्त करण्यासाठी ओटीपी किंवा यूपीआयचा पिन कधीच लागत नाही.

फसवणूक झालीच, तर त्याच क्षणी बँकेला कळवावे आणि १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर तक्रार करावी. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार ग्राहकाने स्वतः पिन किंवा पासवर्ड दिल्यामुळे नुकसान झाले असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान ग्राहकाचे. कळवल्यानंतर होणारे नुकसान बँकेचे. लाजेपोटी घालवलेला प्रत्येक तास आपल्या खात्यावर लिहिला जातो.

पेढीची जोडणी-वही

सर्व उपायांत स्वस्त उपाय म्हणजे एक साधी वही. तिच्या पहिल्या पानावर कंपनीचे नाव, ग्राहक क्रमांक, मदत क्रमांक, शुल्काची मुदत आणि बसवणाऱ्या माणसाचा दूरध्वनी क्रमांक लिहावा. दुसऱ्या पानावर कोणते यंत्र कशाने जोडलेले आहे याचे साधे चित्र काढावे; मुख्य संगणक व प्रिंटर यांचे पत्ते लिहावेत आणि राउटरमध्ये ते कायमचे राखून ठेवावेत. जोडणीचे व वाय-फायचे पासवर्ड मात्र या वहीत न लिहिता तिजोरीत ठेवावेत. पुढच्या पानांवर प्रत्येक बिघाडाची तारीख, वेळ, दिव्यांची स्थिती, केलेला उपाय आणि तक्रार क्रमांक यांची नोंद करावी. रोज दुपारी दोनच्या सुमारास जोडणी जाते असे चार नोंदींत दिसले, तर कारण शोधणे सोपे होते आणि कंपनीशी बोलताना हातात पुरावा असतो.

ज्यांचा व्यवहार मोठा आहे त्यांनी दुसऱ्या कंपनीची एक स्वस्त जोडणी राखीव ठेवावी. लहान दुकानाला मोबाइलचा हॉटस्पॉट पुरेसा आहे, पण तो आधी एकदा लावून पाहिलेला असावा. ओएनटी आणि राउटर यांना छोटा यूपीएस जोडला, की वीज गेल्यावरही जोडणी काही काळ टिकते. विवरणपत्र २० तारखेच्या रात्रीवर न ठेवता दोन-तीन दिवस आधी भरावे. त्या दिवशी पोर्टल, जोडणी आणि मन यांच्यावर एकदमच ताण येत नाही.

ही वही सांभाळण्याचे काम घरातील एखाद्या मुलाकडे, मुलीकडे किंवा सुनेकडे सोपवावे आणि दिवाणजींनाही त्यात बरोबरीने घ्यावे. नव्या पिढीला यंत्रे ठाऊक आहेत, जुन्या पिढीला एकेक नोंद तपासत चूक गाठण्याचा धीर ठाऊक आहे. वही तयार झाल्यावर एखाद्या रविवारी मुद्दाम एक केबल काढून ठेवावी आणि ती कोणती हे घरातल्यांना वहीच्या आधारे शोधू द्यावे. सणासुदीच्या गर्दीपूर्वी हा सराव एकदा तरी झालेला असावा.